दोन झांजा आणि एक डावा पाय

परवा दुपारी चहा टाकताना हातातली दोन झाकणे एकमेकांवर आपटली आणि ‘च्यक्’ असा कोरडा, छोटा आवाज झाला. शेजारी मोबाइलवर अमेरिकन जॅझ पियानोवादक काउंट बेसीच्या वाद्यवृंदाचे १९३०च्या दशकातले ध्वनिमुद्रण चालू होते आणि माझी झाकणे नेमकी पहिल्या मात्रेवर पडली होती. जॅझमध्ये चारांपैकी टाळी द्यायची ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, हे मला वीस वर्षांपासून ठाऊक आहे; हाताला मात्र ते अजून कोणी कळवलेले नाही.

दोष हाताचा नाही. एकादशीच्या भजनाला आजोबांनी माझ्या हातात टाळ दिले तेव्हा मी सहा वर्षांचा असेन. टाळांची दोरी बोटांत रुतायची, तळव्याला पितळेचा वास यायचा आणि मधल्या कोणत्या तरी मात्रेवर माझा टाळ हमखास निसटायचा. आजोबा काही बोलत नसत. ते दोन बोटांनी माझे मनगट धरून ठेवत आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, आली की सोडून देत. त्या दोन बोटांनी जे शिकवले, ते पुसणे आता कठीण आहे.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझशी म्हणूनच माझे बरे जमते. तिथे मिरवणुकीत मोठा ढोल एकाच्या गळ्यात आणि छोटा दुसऱ्याच्या गळ्यात असे. बँड दिवाणखान्यात बसून वाजवू लागला तेव्हा पायाने दाबायच्या पट्टीमुळे दोन्ही कामे एकाच माणसाकडे आली. त्या शैलीत खर्जाचे स्वर बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतात, त्यामुळे माझ्या हाताला घरच्यासारखे वाटते. तिथल्याच किंग ऑलिव्हर या कॉर्नेटवादकाच्या बँडचे १९२३चे ध्वनिमुद्रण तर आवाज टिपणाऱ्या भोंग्यासमोर उभे राहून झालेले. मोठ्या ढोलाच्या धक्क्याने तबकडी कोरणारी सुई उडण्याची भीती, म्हणून ढोलवादक बेबी डॉड्सला बरेचसे काम लाकडी ठोकळ्यांवर भागवावे लागले.

खरी पंचाईत हाय-हॅटने केली. उभ्या दांडीवर समोरासमोर बसवलेल्या दोन झांजा आणि त्या मिटणारा डावा पाय, एवढेच ते यंत्र. म्हणजे टाळच, फक्त हातातून पायात गेलेला. बेसीकडच्या ड्रमवादक जो जोन्सने लयीचा भार मोठ्या ढोलावरून उचलून या झांजांवर ठेवला, आणि चारही मात्रा सारख्या पावलांनी चालू लागल्या. बेसीची ती चाल ऐकताना मला आजही वाटते, की स्विंगचे, म्हणजे त्या काळच्या नाचऱ्या जॅझचे, सारे मर्म त्या पितळेच्या उघडझापीत आहे, भोवतीचे पंधरा-सोळा वादक हे निमित्त. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात ड्रमवादक केनी क्लार्क लय आणखी वर, उजवीकडच्या मोठ्या झांजेवर घेऊन गेला आणि मोकळ्या झालेल्या ढोलावर भलत्याच ठिकाणी ठोके टाकू लागला. तिथे घडलेल्या या नव्या जॅझचे, बीबॉपचे, नाव काढले की लोक सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी यांच्या वेगाबद्दल बोलतात. मला मात्र एवढी पडझड चालू असताना दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला इमाने मिटणाऱ्या डाव्या पायाचेच कौतुक वाटते. १९६०नंतरच्या, ठरावीक लय सोडून दिलेल्या मुक्त जॅझमध्ये तर सम कुठे आहे हे विचारणेच गैर. तिथे मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा लवकर परतलो.

आमच्या घरी हे संगीत ‘अलबेला’मधून आले. १९५१च्या त्या चित्रपटाचे संगीतकार पुणतांब्याचे सी. रामचंद्र, आणि त्यांच्यासोबत ट्रम्पेट घेऊन चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याचे अँटोनियो झेवियर वाझ. गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकलेले असे कितीतरी वादक तेव्हा मुंबईत रात्री हॉटेलांत आणि दिवसा ध्वनिमुद्रणाला वाजवत. ‘शोला जो भडके’ रेडिओवर लागले की आजोबा नाक मुरडत, पण रेडिओ बंद करत नसत. त्यांची बोटे मांडीवर पडत राहायची. अर्थातच पहिल्या मात्रेला.

काल मी एक प्रयोग केला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी माझेच उजवे मनगट धरले, पहिल्या मात्रेला मुळीच सोडले नाही आणि दुसरी येताच सोडून दिले. हात उठलाच नाही. तो पुढच्या समेची वाट पाहत होता.