ऑडिट हिचं, मुक्काम आमचा

हिच्या बँकेत बाहेरगावच्या ब्रँच ऑडिटची ऑर्डर दोन-तीन दिवस आधी हातात पडते आणि कुठं जायचंय ते घराबाहेर बोलायचं नसतं. सकाळी शाखेचं शटर वर जायच्या आत ऑडिटर दारात उभा पाहिजे, कारण पहिलं काम कॅश मोजायचं. एकदा काउंटर सुरू झाला की ती मोजणी गुंत्याची होऊन बसते. लग्नाला आठ वर्षं झाली, त्यामुळे हे सगळं मला पाठ आहे. नवीन होती ती चिऊ, आमची लेक.

चिऊ दोन वर्षांची होईपर्यंत हिनं अर्ज करून बाहेरगावचं काम टाळलं. त्यानंतर नोव्हेंबरात ऑर्डर आली ती पणजीची, नऊ दिवसांची. माझ्या आईचा गुडघा नुकताच बदललेला, सासूबाई सांगलीला सासऱ्यांच्या मागे. मी घरून आर्किटेक्टांची ड्रॉइंगं करतो, लॅपटॉप उचलला की ऑफिस उचललं. म्हटलं, आम्हीच येतो तुझ्याबरोबर. हिनं वरच्या साहेबांना विचारलं. उत्तर आलं, खर्च तुमचा, कामात व्यत्यय नको, आणि टीए म्हणजे प्रवासभत्त्याच्या बिलात एकच माणूस दिसला पाहिजे. एवढ्यावर आम्ही ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं काढली.

ती पहिली खेप पार फसली. ती का फसली हे लिहिलं तरच पुढचं कळेल.

पहिली चूक तिकिटाची. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण भाडं भरावं लागतं. आम्ही ते वाचवलं. मांडवी दिवसाची गाडी, म्हणजे दिवसभर ते पोर मांडीवर. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला आणि खिडकीतलं जग अचानक पुसलं गेलं, तेव्हा चिऊनं जो सूर लावला तो बोगदा संपल्यावरही संपेना. समोरच्या आजोबांनी खिशातून खडीसाखर काढून दिली, त्यांचे उपकार.

दुसरी चूक तारखांची, म्हणजे ती आमच्या हातात नव्हतीच. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो, नोव्हेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत, आणि आम्ही पोचलो ते नेमके त्याच दिवसांत. परवडणाऱ्या खोल्या आधीच गेलेल्या. मिळाली ती बाजाराच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर, खाली मध्यरात्रीपर्यंत मोटरसायकलींची घरघर. खोलीत किटली सोडून काही नाही. पावणेतीन वर्षांच्या मुलीचा वरण-भात किटलीत होत नाही. आम्ही प्रयत्न केला, म्हणून सांगतो.

तिसरी चूक माझी, आणि ती अजून टोचते.

तिसऱ्या दिवशी चिऊ सकाळपासून 'आई, आई' करत होती. मला वाटलं, जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं भेटवावं, पोरीला बरं वाटेल. शाखेसमोर गेलो. काचेच्या दारातून ही दिसत होती, टेबलावर व्हाउचरांचे गठ्ठे, बोटाला रबरी टोपी, समोर एक अधिकारी घाम पुसत उभा. ही काहीतरी विचारत होती. चेहरा असा, की तो मीही घरी कधी पाहिला नव्हता. चिऊनं काचेवर दोन्ही तळवे टेकवले आणि आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली. आतली सगळी माणसं मान वळवून बघायला लागली. ही बाहेर आली, तिला कडेवर घेतलं, सात-आठ मिनिटं फुटपाथवर उभी राहिली, तिचं नाक पुसलं आणि आत गेली. त्यानंतर जे झालं ते वर्णन करत नाही. शिपाईकाका बाहेर येऊन चिऊला म्हणाले, "रडटा कित्याक गो बाये?" तर ती त्यांना चावायला धावली. ती दुपार, ती संध्याकाळ आणि अर्धी रात्र गेली. आत ज्या अधिकाऱ्याला ही प्रश्न विचारत होती, त्याच्यापुढं हिची काय शोभा झाली ते ही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी मी आणि चिऊ परत ठाण्याला.

फेब्रुवारीत पुन्हा पणजी आली, शाखा दुसरी. मी नको म्हणणार असं हिला वाटलं होतं. पण मधल्या तीन महिन्यांत मी हेच डोक्यात घोळवत होतो. ड्रॉइंगमध्ये जिना चुकला तर आम्ही इमारत पाडत नाही, जिना हलवतो.

या वेळी चिऊचा बर्थ पूर्ण भाडं भरून घेतला. बोगद्यांसाठी एक छोटी बॅटरी घेतली. अंधार झाला की बॅटरी लावायची, उजेड आला की विझवायची, हे काम तिचं. कोकण रेल्वेवर बोगदे नव्वदच्या वर आहेत, त्यामुळे तिला उसंत म्हणून मिळाली नाही. करबुड्यात बॅटरीचा सेल मंदावला तर मलाच रागावली. अंधार पडल्यावर करमळीला उतरलो. पणजीला स्वतःचं स्टेशन नाही, हेच जवळचं. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, हे मागच्या वेळी प्लॅटफॉर्मवर उभं राहून शिकलो होतो. या वेळी गोवामाइल्स हे तिथलं टॅक्सीचं अ‍ॅप आधीच फोनवर होतं.

राहायला पणजीतल्याच मळा नावाच्या भागात जागा घेतली, कौलारू घरातली मागची खोली, तिला लागून छोटं स्वयंपाकघर. खरी कटकट बिलाची झाली. बँकेला हॉटेलचं जीएसटीचं बिल लागतं आणि अशा घरगुती ठिकाणी बहुतेक वेळा जीएसटी नंबरच नसतो, कारण वर्षाची उलाढाल तेवढी होत नाही. हिनं नियमाचं पुस्तक उघडलं, तर 'स्वतःची व्यवस्था' असा एक प्रकार निघाला. त्यात बिल लागत नाही, ठरावीक आणि कमी रक्कम मिळते. ती घेतली, वरचे आम्ही भरले. तरी हिनं घराच्या पर्यटन खात्याकडच्या नोंदणीची झेरॉक्स बिलाला जोडलीच. ऑडिटरच्या बिलालाही कुणी ऑडिटर असतो. ज्यांना असं कुटुंब घेऊन जायचंय त्यांनी हे निघण्याआधी विचारून घ्यावं, नंतर कारकुनाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

आम्ही शनिवारी पोचलो. सोमवारपर्यंत गुप्तता. घरमालकीण काकींनी रविवारी सकाळीच विचारलं, कशाला आलात? मी म्हटलं, फिरायला. सोमवारी सकाळी ही कडक इस्त्रीची साडी नेसून, बॅग घेऊन आठ वाजता एकटी बाहेर पडली. मंगळवारी तेच. बुधवारी काकींनी चिऊला ओटीवर बसवून विचारलं, "आवय खंय गेली गो तुजी?" म्हणजे आई कुठं गेली तुझी. चिऊ म्हणाली, "गेली." एवढंच. सोमवारनंतर खरं सांगायला हरकत नव्हती, पण एकदा फिरायला म्हणून बसलो होतो, ते मागे कसं घ्यायचं? काकींनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून कळलं, आमचं भांडण झालंय असं त्यांनी ठरवलेलं आहे.

त्याचा फायदा असा झाला, की त्या दिवसापासून साडेदहा-अकराला उकड्या तांदळाची पेज यायला लागली. बायको सोडून जायच्या बेतात असलेल्या माणसाची आणि त्याच्या पोरीची दया. सोबत चिऊसाठी ओलं खोबरं, मला लोणच्याची फोड. घरी भाताच्या तीन घासांना तासभर लावणारी ही मुलगी वाटी तोंडाला लावून पेज प्यायची. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, यायचा, त्याच्याकडची गरम पोई, म्हणजे तिथला पाव, आणि ही पेज, या दोन गोष्टींवर तिचे पुढचे सगळे दिवस निघाले. बाकी मी जे काही शिजवलं ते मीच खाल्लं.

दिवसाची घडी बसायला दोन दिवस लागले. ही उठायची सहाला, चिऊलाही तेव्हाच उठवायची. सहा ते साडेसात आई तिची, फोन बंद, फायली बंद. आंघोळ, वेणी, सगळं आईनंच करायचं. निघताना लपून जायचं नाही. सरळ टाटा करायचा, रडली तर रडली. आणि दुपारी भेट नाही, म्हणजे नाहीच. शाखेच्या रस्त्यावर मी नऊ दिवस फिरकलो नाही, भाजीला लांबून वळसा घालून गेलो. पोरीला आई संध्याकाळी येते एवढं कळलं की पुरतं. मधेच आई दिसून नाहीशी होते, ते तिला सोसत नाही.

सकाळी फेरीबोट. पणजीच्या धक्क्यावरून पलीकडं बेतीला जाणारी, चालत जाणाऱ्याला फुकट. मांडवीवर पूल झाले, २०१९ ला तिसरा अटल सेतूही झाला, तरी ही बोट चालूच आहे आणि आमच्यासारख्यांचं भलं करते. पाचेक मिनिटांचा प्रवास. समोरचा लोखंडी पाट साखळ्या खडखडवत खाली येतो, काठावर आपटतो, आणि तो पुरता टेकायच्या आत स्कूटरवाले एक पाय खाली घसटत सुटतात. चिऊला नदीशी, कसिनोंच्या जहाजांशी, बगळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तो पाट. "दाल पडलं!" असं ओरडायचं आणि टाळ्या. पहिल्या दिवशी आम्ही चार फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवसापासून साखळीपाशी उभा असलेला खलाशी पाट सोडण्याआधी तिच्याकडं बघायचा, आणि तिनं मान हलवली की सोडायचा. निदान आम्हाला तसं वाटायचं. एका हातानं तिचा दंड घट्ट धरून उभं राहायचं, एवढीच मेहनत.

बोटीचा कंटाळा आला, म्हणजे मला आला, की पणजीतल्याच पाटो भागात जायचं. तिथं कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ मध्ये सुरू झालेलं. बालविभागात मराठी पुस्तकं भरपूर. चिऊ चित्रं बघते आणि गोष्ट स्वतःची सांगते, त्यामुळे वाचून दाखवायचे कष्टही नाहीत. फेब्रुवारीतलं बाहेरचं ऊन आणि आतला गारवा यासाठी मी ग्रंथालयाला मनातल्या मनात दंडवत घातला.

एक वाजला की पणजी शटर ओढते. साडेतीन-चारपर्यंत निम्मी दुकानं बंद. मुंबईकडचे लोक याची टिंगल करतात, मीही करायचो. पण लहान मूल घेऊन राहा, मग कळेल. रस्त्यावर हॉर्न नाही, ओटीवर गप्पा नाहीत, काकींचा रेडिओसुद्धा बंद. चिऊ दीडला झोपायची ती चारला उठायची. ठाण्यात वरच्या मजल्यावरच्या ड्रिलमुळे तिला इतकी झोप कधी मिळालेली नाही. ते अडीच तास माझे. रात्रीचे दोन धरले की ड्रॉइंगं वेळेत जायची. एक क्लायंट तर म्हणाला, हल्ली तुमच्याकडं शांतता फार असते.

संध्याकाळी पाचनंतर मिरामार. तिथं गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे, तिच्या बाजूनं वाळूत उतरायचं. पाण्यात पाय बुडेल एवढंच, त्यापुढं नाही. लाइफगार्डची शिट्टी वाजली की चिऊही शिट्टी वाजवल्यासारखा ओठांचा चंबू करायची. सातला ही थेट तिथं यायची, चपला हातात, साडीच्या निऱ्या वर खोचलेल्या. तेव्हा मी बाजूला होऊन शेंगदाणे खात बसायचो. दिवसभर मी पोरीशी बोललेलो असायचो आणि ही व्हाउचरांशी. मोठ्या माणसाशी बोलायचं दोघांचंही राहून गेलेलं असायचं, पण तेही रात्री चिऊ झोपल्यावरच. त्यात नऊ दिवसांत तीन वेळा आम्हालाच आधी झोप लागली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काकींना खरं सांगायचं ठरवलं. ही स्वतः गेली, म्हणाली, काकी, मी बँकेत आहे, तपासणीला आले होते. काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हाका खबर आसा." गुरुवारी त्या पासबुक भरायला गेल्या होत्या, तेव्हा मॅनेजरच्या केबिनमध्ये हिला पाहिलं होतं. मग आम्हाला का नाही बोललात, म्हटलं. तर म्हणाल्या, तुम्ही सांगत नव्हता म्हणजे कामाचं काही असेल. आणि पेज? ती तर गुरुवारनंतरही येत होती. त्यावर त्यांनी चिऊकडं बोट दाखवलं. ती सुपातले तांदूळ मुठीनं जमिनीवर काढत होती.

परवा पुढची ऑर्डर आली. जूनअखेर, मडगाव, म्हणजे गाडी पावसाळी वेळापत्रकानं रखडत जाणार. मी तळमजल्यावरची, स्वयंपाकघरवाली खोली शोधतोय. बॅटरीला नवे सेल घातलेत. मडगावात फेरीबोट नाही, हे चिऊला अजून सांगितलेलं नाही.