पोळ्यापासून कापूस येईपर्यंत : आठवड्याचा सैपाक साडेबाराशेत

पोळा झाला की हातातला पैसा खत-फवारणीत गेलेला असतो आणि पहिल्या वेच्याचा कापूस अजून बोंडातच असतो. वर्षातले सगळ्यात तंगीचे दिवस हेच. त्यात पावसानं बाजारातली भाजी महाग झालेली. इथे पाच माणसांचं घर धरलंय : दोघं कामावर जाणारे, एक म्हातारं माणूस, शाळेत जाणारी दोन लेकरं.

सुरुवात रेशनपासून करा, भाजीपासून नाही. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते फुकट आहे. पाच माणसांचे २५ किलो, म्हणजे आठवड्याला पावणेसहा किलोच्या आसपास. घराला दोन्ही वेळा मिळून रोज १६०० ग्रॅम धान्य लागतं, आठवड्याचं सव्वाअकरा किलो. उरलेली साडेपाच किलो ज्वारी विकत. लेकरं सरकारी शाळेत आठवीपर्यंत असतील तर शाळेच्या दिवशी दुपारचं जेवण तिथे होतं. तरी धान्याचा हिशोब कमी करू नका, घरी आल्यावर ती पुन्हा जेवतातच.

आता पैसे. भाव गावागणिक थोडे इकडेतिकडे होतील, पण वाटणी अशी बसते : ज्वारी १७५, डाळी २००, तेल १५०, भाजी-कांदे २२५, रोजच्या अर्ध्या लिटर दुधाचे १७५, साखर-चहा ८५, दाणे-जवस-लसूण-मिरची १३०, पिसाई ४५. झाले ११८५. उरलेल्या ६५ रुपयांत रविवारी सहा अंड्यांचा रस्सा होतो. पिसाई हिशोबात धरायला लोक हमखास विसरतात आणि मग चक्कीवर उधारी मांडतात.

पैसा खरा गळतो तो तेलात. लिटरची पिशवी आणली की ती तेलाच्या मोठ्या डब्यात ओतू नका. वेगळ्या बाटलीत भरा, बाटलीवर पेनानं सात खुणा करा. दिवसाला १४० मिली, एक खूण. डब्यातून पळीनं तेल घेतलं की हात सैल सुटतो, बाटलीत खूण दिसते. पिशवी घेताना वजनही वाचा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्याही त्याच आकाराच्या दिसतात आणि दोन-पाच रुपयांनी स्वस्त म्हणून खपतात. तळणाचा बेत असेल तर त्या आठवड्यात एकदाच, आणि उरलेलं तेल दोन दिवसांत फोडणीला संपवायचं.

बाजार गुरुवारचा धरू. दिवेलागणीला वाटे स्वस्त होतात हे खरं, पण सगळीच भाजी तेव्हा घेऊ नये. वांगे, कोहळं, आलू हे टिकवायचे म्हणून आधी निवडून घ्या. पालक आणि मऊ झालेले भेदरं (टमाटे) शेवटी, वाट्यानं, कारण ते त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी संपणार आहेत. शिजवायचा क्रमही नासण्याचाच : गुरुवार-शुक्रवार पालेभाजी, शनिवारी भेंडी, सोमवारी वांगे, मंगळवारी आलू-कोहळं. बुधवारी टोपलं रिकामं असतं, तो दिवस चुनाचा, म्हणजे बेसनाच्या पिठल्याचा. सांबार (कोथिंबीर) ओला ठेवला की दुसऱ्याच दिवशी काळा पडतो. न धुता, मुळं तोडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

फुकटची भाजी म्हणजे अंबाडी आणि घोळ. तरोटा आता जून झाला, कडू लागतो, त्याचा नाद सोडा. पण फवारणी किंवा तणनाशक मारलेल्या कपाशीच्या धुऱ्यावरची (बांधावरची) भाजी कधीच आणू नका. ते विष नुसतं धुऊन जात नाही. परसातली नाहीतर ज्या वावरात औषध मारलेलं नाही, तिथलीच आणायची.

अंबाडी आणि डाळ एकाच गंजात (पातेल्यात) शिजायला घातली तर डाळ तासभर टणक राहते. आंबट पडलं की डाळीचा दाणा उकलत नाही. चिंच, भेदरं, सगळ्यांचं तेच. म्हणून मूठभर तूर डाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या आधी मऊ शिजवा. अंबाडी वेगळी आठ-दहा मिनिटं उकळून, पाणी पिळून, मग त्यात घोटा. वरून लसणाची फोडणी, दोन चमचे तेलात भागते.

डाळ न शिजण्याचं दुसरं कारण पाणी. खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असतं त्या भागात, आणि बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, गॅस मात्र जळतो. डाळीपुरतं नळाचं किंवा पागोळीचं गाळलेलं पाणी वेगळं ठेवा आणि डाळ दोन तास भिजवा. चिमूटभर सोड्यानं डाळ लवकर शिजते, पण चव जाते आणि जीवनसत्त्वही. वरणाला पाच माणसांत दीडशे ग्रॅम डाळ पुरते. सहा दिवसांचे ९०० ग्रॅम. वरण घोटायचंच असतं, तेव्हा अख्खी चकचकीत डाळ कशाला? डाळ मिलची तुकडा डाळ घ्या. फक्त ती पाखडून घ्या, तिच्यात भुसा आणि खडे जास्त असतात.

बेसन विकत घेण्यापेक्षा अर्धा किलो चणा डाळ दळून आणा. चक्कीत आधीच्याचं पीठ राहतं, म्हणून चणा डाळ दळणाऱ्याच्या मागे नंबर लावायचा. ज्वारीच्या मागे लागलात तर पहिलं मूठ-दोन मूठ बेसन मिसळीचंच.

चुनाला दीड वाटी बेसन, साडेचार वाट्या पाणी. बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात : गोळ्याचं बाहेरचं पीठ लगेच शिजून चिकटतं आणि आत कोरडं राहतं. दीड वाटी थंड पाण्यात ते आधी कालवा, फोडणीत तीन वाट्या पाणी उकळू द्या, मग ते धारेनं सोडत हलवा. घट्ट झालं म्हणजे झालं, असं समजून लगेच उतरवलं तर कच्चं लागतं आणि पोटात गुबारा धरतो. झाकण ठेवून मंद आचेवर आणखी सात-आठ मिनिटं द्या.

ज्वारी महिन्याची एकदम दळू नका. या दमट हवेत आठ-दहा दिवसांत पिठाची विरी जाते, भाकर थापताना काठ फाटतात आणि चवीला कडवट लागते. आठवड्याचंच दळा. पीठ शिळं झालंच असेल तर उकळत्या पाण्यात भिजवून, थोडं निवलं की मळा.

जवसाची चटणीही आठवड्यापुरतीच, कुटलेला जवस लवकर खवट होतो. दीडशे ग्रॅम जवस तडतड उडायला लागेपर्यंत भाजा. कच्चा राहिला तर तोंडात चिकट लागतो. दहा सुक्या मिरच्या, बारा पाकळ्या लसूण, चमचाभर जिरं, मीठ. भाजी कमी पडलेल्या दिवशी भाकरीसोबत ही आणि कांदा असला की लेकरंही कुरकुरत नाहीत.

बाजाराच्या दिवशीच झड लागली आणि जाणं झालं नाही, तर उन्हाळ्यातल्या मुगवड्या काढा. वाटीभर वड्या चमचाभर तेलात लालसर परता, जाडसर फोडा, दोन आलूंच्या फोडींसोबत पंधरा मिनिटं उकळा. मीठ शेवटी, चाखून. वड्यांत ते आधीच असतं.