पेन्सिल खाली, आधी म्हणा

'एकाच अक्षराची पुनरावृत्ती होऊन नाद निर्माण झाला की अनुप्रास' एवढं लिहिलं की परीक्षेत गुण मिळत. आमच्या मराठीच्या बाईंचं त्यावर भागत नसे. फळ्यावर ओळ आली की आम्ही अक्षरं मोजायला लागायचो आणि बाई म्हणायच्या, "पेन्सिल खाली. आधी मोठ्याने म्हणा."

ओळ बहुधा मोरोपंतांची असायची: 'सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो'. म्हणून बघा. सुरुवातीला 'स' घोळत राहतो, तो अनुप्रास. घडो, पडो आणि पुढचे झडो, नावडो हे ठरल्या जागी येऊन टाळी देतात, ते यमक. अर्धा वर्ग या दोघांत गोंधळ घालायचा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त 'वर्णसाम्यमनुप्रासः' (वर्ण सारखे आले की अनुप्रास) म्हटलंय; स्वर बदलला तरी चालेल, व्यंजन जुळलं पाहिजे. म्हणून 'सु' आणि 'स' एकाच घरचे. बाईंनी हे परीक्षेबाहेरचं म्हणून सांगितलं, त्यामुळेच बहुधा लक्षात राहिलं.

मग आमच्या ओळी. एकाने लिहिलं, 'मालवणच्या मावशीने माशाला मीठमसाला माखला.' बाई हसल्या. "म भरपूर झाले रे, पण माशाला त्यांचा काय उपयोग?" मागच्या बाकावरच्या मुलीची ओळ होती, 'लाटा लोळत लोळत वाळूला लागल्या.' ती त्यांनी सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतली. ल-ळ म्हणताना जीभच लोळते, हे तेव्हा तोंडातच कळलं. आता मुद्रितशोधन करताना हॉटेलांच्या जाहिरातींतले म-म आणि क-क रोज वाचतो. बहुतेक पहिल्या जातीचे.

अनुकरणवाचक, म्हणजे आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांना व्याकरणाच्या पुस्तकात अलंकारांची पंगत मिळत नाही. त्यांना शब्दसिद्धीच्या प्रकरणात, अभ्यस्त म्हणजे अक्षरं पुन्हा येऊन बनलेल्या शब्दांच्या रांगेत बसवतात. पानांची सळसळ, विजांचा कडकडाट, पैंजणांची छुमछुम असं पाठ करायचं की झालं. बाईंनी ते प्रकरण जूनमध्ये घेतलं. 'पावसाची रिमझिम' म्हणताच खिडकीजवळून आवाज आला, "बाई, हंय रिमझिम खंय पडता? धो धोच पडता!" तास तिथेच फिरला. पत्र्यावर ताडताड, पागोळ्यांची टपटप, व्हाळाची (ओढ्याची) खळखळ, सुरूच्या बनात वाऱ्याचं सूं सूं. समुद्राची गाज तर सगळ्यांच्या कानात होतीच. 'पेरते व्हा' म्हणणारा पावशाही कुणीतरी यादीत घातला. बाईंनी यास्काचं 'निरुक्त', शब्दांच्या व्युत्पत्तीचा प्राचीन संस्कृत ग्रंथ, काढलं: कावळ्याचं 'काक' हे नाव त्याच्या आवाजावरून आलं आणि पाखरांत असं पुष्कळ आढळतं, असं त्यात आहे. आमची टिटवी त्याच गोतातली. माझ्या मते या शब्दांना पुस्तकाने फारच मागे बसवलंय. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती चाळा, असे शब्द पानोपानी भेटतात.

यादीतले काही आवाज मात्र फक्त आमच्या वाड्यांतले होते. होडी वाळूवर ओढतानाचा एक, जाळं पाण्यात पडतानाचा एक. दोन्ही शब्द मला आज आठवत नाहीत. वर्गाची ती सामाईक वही शेवटी कुणाच्या घरी गेली, ठाऊक नाही. वर्गमित्रांनो, तुमच्या माळ्यावर असेल तर शाळेच्या महोत्सवाला येताना घेऊन या, तिथल्या ग्रंथालयात ठेवू.