रविवार, गुडघा आणि सुळेभावी
आज लै दिवसांनी बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर टेनिस बॉलनं खेळायला गेलो, दोन ओव्हर टाकल्या आणि गुडघा म्हणाला बस की आता! मग टपरीवर चहा, पेपर, आणि परत तीच सीमाप्रश्नाची बातमी, सुप्रीम कोर्टात २००४ पासून केस, तेव्हा मी हाफ चड्डीत गल्ली क्रिकेट खेळत होतो, आता पोरगा खेळतोय. तेवढ्यात टपरीवाल्याच्या मोबाईलवर कुमार गंधर्व, निर्गुणी भजन (टपरीवर कुमारजी, हे बेळगावातच हं!) माणूस बेळगावजवळच्या आपल्या सुळेभावीचा, जन्म १९२४ चा, घरची भाषा कन्नड आणि गायला मराठी, हिंदी, माळवी सगळं. शेजारचा कानडी दोस्तपण मान डोलवत होता. पेपर घडी करून ठेवला, अजून दोन कटिंग सांगितले. आता बायको गुडघ्याला तेल लावतेय, शिव्यांसकट.