पाप रंगीत, पुण्य पुठ्ठ्याचं

इथे अमेरिकेत ईस्टरच्या आसपास टीव्हीवर दिग्दर्शक सेसिल बी. डिमिलचा १९५६ सालचा ‘द टेन कमांडमेंट्स’ लागतो. मूळ सिनेमाच ३ तास ४० मिनिटांचा, वर जाहिराती. तरी मी बसतेच, आणि दरवेळी खलनायकाच्या, म्हणजे इजिप्तचा राजा रामसेसच्या, बाजूची होऊन उठते.

रामसेस झालेला युल ब्रिनर कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला तरी पडदा त्याचा. चार्ल्टन हेस्टनचा मोशे, म्हणजे ज्यूंना इजिप्तच्या गुलामगिरीतून सोडवणारा बायबलमधला प्रेषित, राजवाड्यात असेपर्यंत माणूस वाटतो: प्रेमात पडतो, चिडतो, विटांचा गारा तुडवतो. पण जळत्या झुडपापाशी देव भेटला की संपलं! पुढे तो बोलत नाही, दवंडी पिटतो. आई इकडे आली होती तेव्हा तिनं सोफ्यावरूनच निकाल दिला, “देव भेटल्यापासून फारच कंटाळवाणा झाला गं हा.” आपल्या पौराणिक सिनेमांत निदान मधे एखादं गाणं तरी येतं.

डिमिलला पापच जास्त कळायचं, असं माझं मत. देवाला विसरून लोक ज्याची पूजा करू लागतात त्या सोन्याच्या वासराभोवतीचा धिंगाणा तो चवीनं लांबवतो आणि वर स्वतःच्याच आवाजात निवेदन करून आपल्याला धर्म शिकवतो. दोन्ही हातांत लाडू.

मोशेच्या लोकांना वाट देत दुभंगलेल्या समुद्राच्या दृश्यातले जोड आता दिसतात. टाक्यांत पाणी ओतून चित्रण केलं आणि ते उलटं फिरवलं. सिनेमाचं एकमेव ऑस्कर या करामतींनाच मिळालं. मला मात्र त्याआधीचं, इजिप्तमध्ये जाऊन चित्रित केलेलं, सुटलेल्या गुलामांचं निर्गमन आवडतं. हजारो माणसं, गाढवं, बदकं, पोरांचा कालवा. त्या गर्दीत मरायला टेकलेला एक म्हातारा अंजिराचं रोप सोबत घेऊन निघालाय. तो एच. बी. वॉर्नर, १९२७ साली डिमिलच्याच ‘द किंग ऑफ किंग्ज’मधला येशू! मोशेच्या सगळ्या गर्जनांपेक्षा त्याची ती दोन मिनिटं मला जास्त धार्मिक वाटतात.

विल्यम वायलरनं १९५९च्या ‘बेन-हर’मध्ये येशूचा चेहराच दाखवला नाही. शहाणा माणूस. पुढे १९६५मध्ये जॉर्ज स्टीव्हन्सनं ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’मध्ये क्रुसापाशी रोमन अधिकारी म्हणून चक्क काउबॉयपटांच्या जॉन वेनला उभं केलं. हा खरोखर देवाचा पुत्र होता, हे वाक्य त्या काउबॉयच्या आवाजात ऐकलं आणि मला इतकं हसू आलं की नवऱ्यानं रिमोट काढून घेतला.