वाटाण्याचा कोंब आणि दादासाहेब फाळके

मी बीज परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. बियाणं उगवेल की नाही, हे पेरणीआधी तपासून सांगायचं, हे माझं काम. या वाटेला मी लागले ती आपल्या शाळेत नववीत पाहिलेल्या एका चित्रपटामुळे, आणि तो संपल्यावर “मग आता आपण काय करायचं?” असं विचारणाऱ्या विज्ञानाच्या बाईंमुळे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत याची नोंद राहावी असं मनापासून वाटलं.

चित्रपट होता परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. २०१० च्या जानेवारीत तो सगळीकडे लागला, पण आमच्या गावाला थिएटर नव्हतं. शाळेनेच तो चित्रकलेच्या वर्गात, खिडक्यांना सतरंज्या बांधून, प्रोजेक्टरवर दाखवला. दादासाहेब फाळक्यांनी भारतातला पहिला कथाचित्रपट काढला, एवढी ओळ आम्हाला सामान्यज्ञानासाठी पाठ होती. त्या ओळीमागे किती काम होतं, ते त्या दुपारी कळलं.

१९११ मध्ये मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहून हा माणूस झपाटला. आपले राम, कृष्ण असे पडद्यावर का दिसू नयेत, हा त्यांचा प्रश्न. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये इंग्लंडला गेले, तिथले चित्रपटकार हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि परतले. नंदू माधव यांचे फाळके कुठेही रडत नाहीत, कुणापुढे दीनवाणे होत नाहीत. घरातल्या वस्तू विकल्या जातात आणि तरी घरात हसणं-खिदळणं चालू असतं. पैशाच्या चिंतेनं घर गप्प होतं, एवढंच मी तोवर पाहिलं होतं. चिंता असतानाही माणसं उत्साहाने काम करू शकतात, हे मला नवीन होतं, आणि फार धीर देणारं होतं.

पण माझ्या मनात घर केलं ते वाटाण्याने. भांडवल घालणाऱ्याला पटावं म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि ठरावीक अंतराने त्याची एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर काही क्षणांत रोप वर आलं! ‘अंकुराची वाढ’ या नावाने तो छोटा चित्रपट ओळखला जातो. मी शेतकऱ्याची मुलगी, रोज शेतात जाणारी. पण उगवणं ही ‘बघायची’ गोष्ट आहे, हे मला कधी सुचलं नव्हतं.

बाईंनी आम्हाला तेच करायला लावलं. प्रयोगशाळेच्या खिडकीत वाटाण्याची कुंडी, शाळेचा डिजिटल कॅमेरा विटांच्या चळतीवर पक्का बसवलेला, आणि प्रत्येक तासाची घंटा झाली की एक फोटो. संध्याकाळी शाळा बंद, त्यामुळे रात्रीचे फोटो नाहीत. संगणकावर ते एकामागोमाग सरकवले, तेव्हा दिवसभर सावकाश चढणारा कोंब सकाळी एकदम उडी मारून वर गेलेला दिसायचा. वाटाण्याची दोन दलं मातीतच राहतात. वर येतो तो मान वाकवलेला कोंब, आणि उजेडात आल्यावर तो हळूहळू ताठ होतो. शेजारच्या कुंडीत घेवडा होता. तो मात्र आपली दलं डोक्यावर घेऊनच वर आला. असं का, हे बाईंनी सांगितलं नाही. “शोध,” म्हणाल्या. मला काय व्हायचंय ते मला त्या आठवड्यात कळलं.

या चित्रपटाबद्दल बोलताना लोक फाळक्यांच्या जिद्दीबद्दल बोलतात. मला वाटतं, तितकंच त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंबद्दल बोललं पाहिजे. विभावरी देशपांडे यांनी ती भूमिका फार समजून केली आहे. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडली, ती धुण्याचं रसायनाचं काम शिकून घेतलं, आणि चित्रीकरणाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही केला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यात त्यांचे हात पहिल्यापासून होते. त्या दुपारी चित्रपट पाहून मी घरी आले तेव्हा माझी आई पुढच्या हंगामाचं बियाणं राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून भरून ठेवत होती. किडका दाणा ती नुसत्या बोटांनी ओळखायची. आमच्या घरातलं बीजशास्त्र तिच्याकडे होतं आणि त्याला कुणी तसं नाव देत नव्हतं. पुढे कृषी पदवीला बियाण्याचा विषय आला, तेव्हा मी पहिले प्रश्न तिलाच विचारले.

आमच्या कामात चारशे दाणे मोजून घेतात, शंभराचे चार भाग करतात, ओल्या कागदात गुंडाळून ठरलेल्या तापमानाला ठेवतात. सोयाबीनचा शेवटचा निकाल आठव्या दिवशी. गुंडाळी उलगडायची आणि प्रत्येक रोपटं हातात घेऊन पाहायचं : मूळ धड आहे का, कोंब मोडलाय का, की दाणा नुसताच फुगून कुजलाय. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. त्याचं साल पातळ, मळणीत किंवा पोती आपटताना सहज दुखावतं. वरून दाणा टपोरा दिसतो आणि आत अंकुर मेलेला असतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या. दुबार पेरणी म्हणजे एका घराचं वर्ष कसं बसतं, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून गुंडाळी उलगडताना मी घाई करत नाही.

फाळक्यांचं पुढचं आयुष्य मी नंतर वाचलं. चित्रपट त्यांच्या भरभराटीपाशी थांबतो. पुढे भागीदारांशी मतभेद झाले, बोलपट आल्यावर मागे पडणं आलं, १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, आणि १९४४ मध्ये नाशिकला अखेर. मुलांना हा भागही सांगावा असं माझं ठाम मत आहे. तो कळल्यावर माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढलाच.

प्रयोगशाळेसाठी मी एक कॅमेरा आणि स्टँड मुख्याध्यापकांकडे देत आहे. रात्रीही आपोआप फोटो घेणारा आहे. आणखी एक विनंती. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की नववीच्या मुलांनी घरचं सोयाबीन आणावं, शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गुंडाळून सावलीत ठेवावेत, रोज पाणी शिंपडावं. आठवड्याभरात किती उगवले ते मोजून वडिलांना सांगावं. सत्तरच्या खाली आले, तर पेरणीला अजून वेळ असतो. बियाणं बदलता येतं. मोजणीच्या दिवशी मी स्वतः शाळेत येईन.