तुम्ही विचारलंत म्हणून: काळ्या माणसांनीही गुलाम ठेवले होते का?

महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर कुठेही बोलायला गेले की हा प्रश्न येतोच. १८७३ च्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रो गुलामांना मुक्त केलं त्यांना आहे, हे मी सांगते आणि मग कोणीतरी म्हणतं, "ताई, पण तिकडे काळ्यांनीच काळे गुलाम ठेवले होते ना, मग नुसतं गोऱ्यांना का बोलायचं?"

हो, ठेवले होते. कार्टर वुडसन या इतिहासकाराने १८३० च्या जनगणनेतून यादीच काढली, ३,७७६ स्वतंत्र काळे मालक आणि त्यांच्या नावावर १२,९०७ गुलाम. तेव्हा देशात एकूण गुलाम होते २० लाखांच्या वर. या मालकांपैकी साधारण ४२ टक्क्यांकडे एकच गुलाम होता आणि तो एक म्हणजे बऱ्याचदा स्वतःची बायको, नाहीतर मुलगा, नाहीतर म्हातारी आई. पै पै जमवून नवरा बायकोला विकत घ्यायचा, पण मुक्त कसं करणार, व्हर्जिनियात १८०६ च्या कायद्याने मुक्त झालेल्याला १२ महिन्यांत राज्य सोडावं लागायचं आणि साउथ कॅरोलायनात १८२० पासून विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय कुणाला मुक्त करताच येत नव्हतं. मग संसार चालू, पोरंबाळं होतायत, आणि कागदावर ती त्याची मालमत्ता. नवऱ्याचं कर्ज थकलं तर तिच्यावर टाच यायची भीती! असा नवराही जनगणनेत मालक म्हणूनच मोजला गेलाय.

पण सगळे असे नव्हते, आणि ते झाकायचं काहीच कारण नाही. साउथ कॅरोलायनातल्या स्टेटबर्गचा विल्यम एलिसन बघा. जन्मतः गुलाम, नाव एप्रिल. विन्सबरोच्या मॅक्रेट नावाच्या गोऱ्या कारागिराकडे कापसातली सरकी काढायची जिन मशीन बनवायला शिकला (विदर्भातल्यांना जिनिंग सांगायला नको), १८१६ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं, १८२० मध्ये कोर्टात अर्ज करून गुलामीतलं नाव बदललं. बायकोमुलीची सुटका केली. नंतर मारिया नावाच्या आणखी एका मुलीला विकत घेतलं, पण तोवर १८२० चा कायदा आलेला, म्हणून १८३० मध्ये तिला १ डॉलरला त्याच मॅक्रेटच्या नावावर केलं, अट एवढीच की ती बापाकडे राहील आणि जमेल तेव्हा तिला मुक्त करायचं. बापाची केवढी धडपड ती!

आणि याच माणसाकडे १८६० मध्ये ६३ गुलाम होते. त्याच्या गुलामांच्या नोंदींत मुलं जास्त आणि मुली फारच कमी दिसतात, त्यावरून इतिहासकारांचा अंदाज आहे की तो लहान मुली विकून टाकायचा. स्वतःच्या लेकीसाठी एवढं करणारा माणूस दुसऱ्याच्या लेकी विकत होता, हे वाचून मला फार राग येतो, अजूनही येतो. त्याचा रंग बघून मी त्याला सूट देणार नाही.

पण म्हणून गोऱ्यांचा हिशोब हलका होतो असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. ते कायदे करणाऱ्या विधिमंडळांत एकही काळा माणूस नव्हता, एलिसनला तर मतदानाचाही अधिकार नव्हता.